गुडघ्याला अचानक मार लागला, आता दवाखाना गाठायचा की दोन दिवस थांबायचं? ठरवायचं कसं, ते समजून घ्या

आश्रमशाळेच्या मैदानावर कबड्डी रंगलेली असते. चढाईला गेलेली मुलगी गर्रकन वळते, पाय जमिनीत रुतून राहतो आणि अंग पुढं जातं. सातपुड्याच्या उतारावर मोहफुलांची टोपली घेऊन येणाऱ्या बाईचा पाय सुक्या पानांवरून सटकतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बिथरतो आणि त्याची लाथ नेमकी कुणाच्या तरी गुडघ्यावर बसते. बाकी दुचाकी घसरणं तर रोजचंच.

प्रसंग वेगवेगळे असले तरी पुढचा प्रश्न एकच असतो. गुडघा धरून बसलेल्या माणसाभोवती चार जण गोळा होतात. एक म्हणतो, "काही नाही, मुका मार आहे, हळद लाव." दुसरा म्हणतो, "लिगामेंट गेलं, आत्ताच्या आत्ता नंदुरबारला न्या." तिसरा मालिश करणाऱ्याला फोन लावतो. यातलं कुणाचं ऐकायचं?

मोठ्या शहरात या प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी चालून जातं, कारण दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असतो. नंदुरबार जिल्ह्यात तसं नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा आणि तळोदा या बाजूला रस्ते बरे आहेत. पण अक्राणी म्हणजे धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात अनेक पाड्यांवरून आधी पायवाट तुडवायची, मग गाडी शोधायची आणि मग घाट उतरायचा, अशी तऱ्हा. काही ठिकाणी आजही पेशंटला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नर्मदाकाठच्या गावांना तर होडीचा आधार असतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा पायी निघाला, पण तिचा जीव वाचला नाही. ती बातमी राज्यभर गाजली. ती केस गुडघ्याची नव्हती, पण इथलं अंतर म्हणजे काय चीज आहे हे त्यातून सगळ्यांना कळलं.

म्हणून इथं दोन्ही चुका महागात पडतात. गरज नसताना निघालं तर दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा दिवस जातो. गरज असताना थांबलं तर पाय जाऊ शकतो. चांगली गोष्ट म्हणजे दुखावलेला गुडघा स्वतःच बरंच काही सांगत असतो. फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी गुडघ्यात काय काय असतं ते बघू

वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड आणि पुढं वाटी. या हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे लिगामेंट. दोन हाडांच्या मधे गादीसारख्या दोन चकत्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. मांडीचा मोठा स्नायू वाटीला धरून पाय सरळ करतो. आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यातून पोटरीला आणि पावलाला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी जाते. तिच्याजवळूनच नसा जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. यातलं लिगामेंट किंवा गादी फाटली तर ती दुखते, त्रास देते, पण तिच्याकडं वेळ असतो. हाड मोडलं तर त्याच दिवशी बघावं लागतं. आणि रक्तवाहिनीला इजा झाली तर घड्याळ लगेच सुरू होतं. त्यामुळं पहिला प्रश्न "लिगामेंट गेलं का?" हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, "पावलापर्यंत रक्त पोहोचतंय का?"

ऋषभ पंतच्या गुडघ्यानं काय शिकवलं?

३० डिसेंबर २०२२ ला पहाटे रुरकीजवळ ऋषभ पंतची गाडी दुभाजकावर आदळली. त्याचा उजवा गुडघा निखळला होता. आधी उत्तराखंडमध्ये उपचार झाले, मग ४ जानेवारीला त्याला मुंबईत आणलं. कोकिलाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या टीमनं त्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया केली. पुढं मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमधून मैदानात परतला.

यातली तारीख नीट बघा. लिगामेंटची शस्त्रक्रिया अपघाताच्या रात्री झाली नाही, ती साधारण आठवड्यानं झाली. तरीही तो पुन्हा यष्टीमागं बसू शकला. त्याचं नशीब असं की एवढा गुडघा निखळूनही पायाची मुख्य रक्तवाहिनी वाचली होती. ती तुटली असती तर हिशोब आठवड्यांचा उरला नसता, तासांचा झाला असता.

गुडघा निखळून मागची रक्तवाहिनी दबली किंवा फाटली, तर साधारण सहा ते आठ तासांत रक्तपुरवठा पुन्हा सुरू व्हावा लागतो. त्यापुढं स्नायू मरायला लागतात आणि पाय कापण्याची वेळ येऊ शकते. हे सहा तास पाड्यावरून मोजून बघा. रस्त्यापर्यंत येण्यात दोन तास, गाडी मिळण्यात एक, घाट उतरून नंदुरबार गाठण्यात अजून दोन-अडीच. म्हणजे "सकाळपर्यंत बघू" म्हणायला जागाच उरत नाही.

अजून एक फसवी गोष्ट आहे. निखळलेला गुडघा अनेकदा आपोआप जागेवर येतो. बघणाऱ्याला वाटतं, बसला बुवा. पण आतली रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. त्यामुळं "गुडघा बाजूला सरकला होता आणि मग जागेवर आला" असं कुणी सांगितलं, तर तो सरळ दिसत असला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचाच.

या खुणा दिसल्या तर तडक निघायचं

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर रात्र, पाऊस, बाजाराचा दिवस असं काही बघायचं नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या गाडीनं निघायचं.

- पाऊल दुसऱ्या पावलापेक्षा गार, पांढरंफटक किंवा निळसर पडलंय.
- बोटांना मुंग्या येतायत, बधिर झालीत किंवा पाऊल वर उचलता येत नाही.
- गुडघा किंवा पाय वाकडा दिसतोय.
- हाड बाहेर आलंय किंवा गुडघ्यावर खोल जखम आहे. कोयता, कुऱ्हाड लागून झालेली जखम लहान दिसली तरी सांध्याच्या आत गेलेली असू शकते.
- पोटरी दगडासारखी कडक झालीय, दुखणं कमी न होता वाढतच चाललंय आणि पायाची बोटं नुसती हलवली तरी कळ येते.
- उंचावरून पडून किंवा गाडीच्या अपघातात मार लागलाय आणि पायावर अजिबात उभं राहता येत नाही.
- गुडघा सुजून गरम झालाय आणि सोबत ताप आहे.

यातला पहिला मुद्दा तपासायला डॉक्टर लागत नाही. दोन्ही पावलांवर एकाच वेळी हात ठेवा आणि गारपणा जुळतो का बघा. अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोनेक सेकंदात पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. पण हे ठीक आलं म्हणून बाकीच्या खुणा सोडून द्यायच्या नाहीत. आणि ही तपासणी एकदाच करून भागत नाही. पहिले काही तास दर अर्ध्या तासानं बघायचं, कारण रक्तपुरवठा नंतरही बिघडू शकतो.

एक्स-रे लागेल का? पाच प्रश्न

वरचं काहीच नाही, पण गुडघा चांगलाच दुखतोय. मग हाड मोडलंय की नाही हे कसं कळायचं?

याचं एक साधं उत्तर कॅनडातल्या ओटावा शहरातून आलं. डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की गुडघा दुखावलेल्या जवळपास प्रत्येकाचा एक्स-रे काढला जातो, पण हाड मोडलेले फार थोडे निघतात. मग त्यांनी १९९० च्या दशकात शेकडो पेशंट तपासून पाच प्रश्नांचा नियम बनवला. त्याला ओटावा नी रूल म्हणतात. पाचही उत्तरं "नाही" असतील तर हाड मोडल्याची शक्यता फारच कमी असते. एक जरी "हो" आलं तर एक्स-रे काढायचा. डॉक्टरांनी हा नियम वापरल्यावर एक्स-रेंची संख्या साधारण चौथ्या हिश्शानं कमी झाली.

ते पाच प्रश्न असे.

१. वय ५५ किंवा त्याहून जास्त आहे का?

२. बाकी गुडघा दाबून फार दुखत नाही, पण वाटीवर दाबलं की कळ येते का?

३. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक छोटा उंचवटा बोटाला लागतो. तो दाबल्यावर दुखतो का?

४. गुडघा काटकोनात, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर वाकतो तितका, वाकवता येत नाही का?

५. मार लागल्यावर लगेच आणि आत्ताही, चार पावलं टाकता येत नाहीत का? लंगडत टाकलेली पावलंही चालतील, पण दुखऱ्या पायावर दोनदा भार आला पाहिजे.

हा नियम मुळात डॉक्टरांसाठी आहे, त्यामुळं घरी तो अंदाजासाठी वापरायचा. आणि त्याच्या मर्यादाही लक्षात ठेवायच्या. तो मोठ्या माणसांवर तपासून बनवलाय, लहान मुलांना जसाच्या तसा लावायचा नाही. दारू प्यायलेल्या माणसाला दुखणं नीट कळत नाही, तिथंही तो फसतो. आणि तो फक्त हाडाबद्दल बोलतो, लिगामेंटबद्दल नाही.

सूज कधी आली, हे घड्याळ लावून लक्षात ठेवा

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर हमखास विचारतात, "सूज कधी आली?" बहुतेक जण सांगतात, "आली लगेच." पण या "लगेच"मध्ये फार मोठी माहिती दडलेली असते.

मार लागल्यापासून दोन-तीन तासांच्या आत गुडघा फुगला, तर आत रक्त साचलंय असं समजायचं. पुढचं क्रॉस लिगामेंट म्हणजे एसीएल फाटणं, वाटी सरकणं किंवा हाड मोडणं ही त्याची नेहमीची कारणं. सूज रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली, तर बहुतेक वेळा गादीला इजा किंवा लिगामेंटला ताण असतो. हा पक्का नियम नाही, पण दिशा दाखवतो.

दुसरी खूण आवाजाची. वळताना किंवा उडी मारून उतरताना आतून "कट्" असा आवाज आला, लगेच गुडघा फुगला आणि पुढं खेळता आलं नाही, तर एसीएलची शंका मोठी. कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलमध्ये हे खूप होतं. एकच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींमध्ये मुलींना ही दुखापत जास्त होते, हेही अभ्यासांतून पुढं आलंय. त्यामुळं आश्रमशाळेतल्या मुलीचा गुडघा तासाभरात फुगला तर "नाटक करते" म्हणून तिला पुन्हा मैदानात उतरवू नये.

एक-दोन दिवसांत दाखवायचं, पण रात्रीत धावपळ नको

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पाऊल गरम आहे, बोटं हलतायत, पाय सरळ दिसतोय, पण खालचं काही घडतंय तर एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवायचं.

- दोन-तीन तासांत मोठी सूज आली.
- गुडघा अडकलाय. धड सरळ होत नाही, धड वाकत नाही. फाटलेल्या गादीचा तुकडा मधे अडकला की असं होतं.
- चालताना गुडघा अचानक दगा देतो, पाय आपला नसल्यासारखा मुडपतो.
- वाटी बाजूला सरकून परत आली.
- ओटावाच्या पाच प्रश्नांपैकी एकाला "हो" आलं. यात शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक्स-रे.
- पाठीवर झोपून गुडघा न वाकवता टाच वर उचलता येत नाही.

या शेवटच्या चाचणीकडं बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पाय सरळ ठेवून उचलताच येत नसेल, तर वाटी मोडलेली असू शकते किंवा मांडीच्या स्नायूला वाटीशी आणि नडगीशी जोडणारा दोर तुटलेला असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या एक-दोन आठवड्यांत झाली तर सोपी जाते. महिन्यानं गेलं तर तो दोर आखडून वर सरकलेला असतो आणि काम अवघड होतं. एसीएलचं मात्र उलटं आहे. त्यात बहुतेकदा सूज उतरून गुडघा पूर्ण हलायला लागेपर्यंत थांबूनच शस्त्रक्रिया करतात, आणि काहींना शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही. म्हणून कुणी "लिगामेंट फाटलं" म्हटलं की कर्ज काढून त्याच रात्री सुरत गाठायची गरज नसते.

घरी थांबायचं ठरलं तर काय करायचं?

चार पावलं टाकता येतायत, सूज थोडी आहे, गुडघा वाकतोय आणि टाचही उचलली जातेय. मग दोन-तीन दिवस घरी सांभाळता येतं.

पायाला आराम द्यायचा. पाय उशीवर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर उंच ठेवायचा. क्रेप बँडेज बांधायचं, पण बोटं निळी पडतील इतकं आवळून नाही. दर दोन-तीन तासांनी १५ ते २० मिनिटं बर्फाचा शेक द्यायचा. बर्फ थेट कातडीवर न लावता फडक्यात गुंडाळून लावायचा. पाड्यावर बर्फ कुठून आणणार? माठातल्या गार पाण्यात भिजवलेलं फडकं बदलत राहिलं तरी चालतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सहसा पुरतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नयेत. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या महागात पडतात.

पहिले दोन-तीन दिवस मालिश, गरम शेक आणि दारू टाळायची. आत रक्त साचत असताना चोळलं किंवा शेकलं की सूज वाढते. हळदीचा लेप अख्ख्या कातडीवर लावला तर सहसा बिघडत नाही, पण उघड्या जखमेवर नको. आणि गावातला हाड बसवणारा कितीही विश्वासाचा असला तरी वाकडा, बधिर किंवा गार पडलेला पाय त्याच्या हातात द्यायचा नाही. ओढाताणीत वाचलेली रक्तवाहिनीही जाऊ शकते. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यामुळं रक्त अडून पाय गमावल्याच्या केसेस डॉक्टरांना नवीन नाहीत.

तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही, किंवा दोन आठवड्यांनीही लंगडणं राहिलं, तर दाखवायचंच. आणि काही दिवसांनी पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर तडक दवाखाना. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते.

सिकलसेल असेल तर नियम बदलतात

ही गोष्ट नंदुरबारमध्ये सांगितलीच पाहिजे. जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, पण इथल्या घरांना हा आजार त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे.

सिकलसेलच्या पेशंटला बर्फ लावायचा नाही. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, कोयत्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. शिवाय अशा पेशंटचा गुडघा दुखतोय म्हणजे दरवेळी मारच कारणीभूत असतो असं नाही. तो सिकलसेलचा झटका असू शकतो किंवा हाडात पू झालेला असू शकतो. त्यामुळं त्यांनी घरगुती उपायांत वेळ न घालवता पाणी भरपूर प्यायचं, अंग उबदार ठेवायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. सोबत सिकलसेल तपासणीचं कार्ड न्यायचं.

लहान मुलांचा गुडघा वेगळा

मुलांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. मोठ्यांचं लिगामेंट जिथं फाटतं तिथं मुलांचा हाडाचा तुकडा निघू शकतो. त्यामुळं मूल पायावर उभं राहायला तयार नसेल तर त्याच दिवशी दाखवायचं. दुसरं म्हणजे खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यात दुखतंय असं सांगतात, म्हणून डॉक्टरांनी खुबाही बघायला हवा.

आणि तापाची गोष्ट इथं पुन्हा. मूल खेळताना पडलं, चार दिवसांनी गुडघा सुजला, ताप आला. घरचे म्हणतात, "पडला होता ना, म्हणून." पण सांध्यात पू झाला असेल तर तो एक-दोन दिवसांतही सांधा खराब करायला लागतो. बाभळीचा काटा गुडघ्यात मोडून राहिला तरी नंतर सांधा सुजत राहतो, म्हणून काटा लागल्याची आठवण असेल तर ती डॉक्टरला सांगायची.

जायचं तर कुठं आणि कसं?

१०८ ची अॅम्ब्युलन्स मोफत आहे. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेल्यांसाठी तिथंही हाच नंबर चालतो. पाड्यावर रेंज नसेल तर आशाताईंना निरोप द्यायचा. जवळच्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं, "निघू की थांबू" या प्रश्नासाठी त्याचा चांगला उपयोग होतो.

साधी दुखापत प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येते. पण एक्स-रे सहसा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात निघतो, म्हणून निघण्याआधी फोन करून मशीन चालू आहे का ते विचारायचं. तडक निघायच्या खुणा असतील तर मधल्या दवाखान्यांत फार वेळ न घालवता थेट नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय गाठायचं. तिथं २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया सगळीकडं होत नाही, त्यामुळं पुढं धुळ्याला किंवा सुरतला पाठवावं लागू शकतं. म्हणूनच निघताना १०८ च्या डॉक्टरांना "पाऊल गार आहे, बोटं बधिर आहेत" हे शब्द सांगायचे. नुसतं "गुडघा दुखतोय" म्हटलं तर त्यामागची घाई कुणाला कळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शस्त्रक्रिया लागली तर ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. सोबत रेशन कार्ड आणि आधार कार्ड ठेवायचं.

नेताना पाय जसा आहे तसाच ठेवायचा. ओढून सरळ करायचा नाही. गुडघ्याखाली घडी केलेलं कापड ठेवून मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूची पट्टी किंवा फळी लावायची आणि रुंद कापडानं सैलसर बांधायचं. झोळीत घालायचं असेल तर हे आधी करायचं, कारण झोळीत पाय लोंबकळतो. बोटं उघडी ठेवायची, म्हणजे वाटेत रंग बघता येतो. पैंजण, कडं, बूट काढून ठेवायचे. मोठी दुखापत असेल तर पेशंटला भरपेट जेवू घालायचं नाही, भूल द्यायची वेळ येऊ शकते. उघडी जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवायचं.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सुटलो का?

नाही. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट आणि गादी दिसत नाही. पहिल्या दिवशी गुडघा इतका सुजलेला आणि आखडलेला असतो की डॉक्टरांनाही हातानं नीट तपासता येत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी सूज उतरली की पुन्हा दाखवायला बोलावतात. ही दुसरी फेरी बहुतेक जण चुकवतात, कारण तोवर दुखणं कमी झालेलं असतं. मग दगा देणाऱ्या गुडघ्यावर वर्षभर शेतात काम होतं, पुन्हा पुन्हा लचकतं आणि आधी शाबूत असलेली गादीही फाटते.

एमआरआय लागेल का हे त्या दुसऱ्या तपासणीत ठरतं. पहिल्या रात्री त्यासाठी पैसे घालायची घाई नसते.

थोडक्यात सांगायचं तर क्रम असा. आधी पावलाचा गारपणा आणि बोटांची हालचाल. मग पायाचा आकार, जखम आणि ताप. मग चार पावलं, काटकोन आणि टाच उचलणं. मग सूज किती वेळात आली ते. हे सगळं तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि एवढं तपासूनही मन साशंक असेल, अंधार पडत आला असेल आणि शेवटची गाडी सुटायच्या बेतात असेल, तर गाडीत बसलेलं बरं. दुसऱ्या दिवशी मुका मार निघाला तर एक दिवसाची मजुरी जाईल, ती पुन्हा कमावता येते.